मुलांच्या गोष्टीचा शेवट बदलू नका: बालवाचन समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य, बालवाचन समिती, बडोदे

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांची गोष्ट आपण आपल्या स्पर्धेतून परत पाठवलीत. सोबतचं पत्र मी दोनदा वाचलं. आपली समिती ज्या मंडळाची आहे त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मंडळ माझंही आहे आणि चारचौघांत त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. पण उत्तर उघड लिहिते आहे. ही गोष्ट अकरा मुलांनी मिळून सात महिने लिहिली. त्यांच्या आज्या, मामा, शेजारचे गुजराती मास्तर, कितीतरी माणसं तिच्यात गुंतली. ती स्पर्धेतून का परत आली आणि मी शेवट बदलायला का तयार नाही, हे त्या सगळ्यांना कळायला हवं.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १८७४ सालचा. ९ नोव्हेंबरच्या सकाळी बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर फिरून बंगल्यावर येतो. नेहमीप्रमाणे टेबलावर पपनसाच्या रसाचं सरबत ठेवलेलं असतं. दोन-तीन घोट घेतल्यावर त्याला मळमळायला लागतं, उरलेलं तो फेकून देतो, आणि मग पेल्याच्या तळाशी त्याला गाळ दिसतो. इथपर्यंत सगळं खरं घडलेलं. पुढे मुलांचे तीन गुप्तहेर येतात: रेसिडेन्सीत दिवे-भांडी पाहणाऱ्या मशालजीचा मुलगा, तिथे पाणी भरणाऱ्या बाईची मुलगी आणि गावातल्या एका वैद्यबुवांचा नातू. चार दिवसांनी एका विहिरीत प्रेत सापडतं. हा माणूस मुलांनी कल्पनेतून आणला आहे. सरबतातल्या विषासाठी पैसे घेऊन ज्याने हिरे कुटून दिले तो. त्याला कोणी मारलं हे ती तिघं शोधून काढतात. सरबतात विष कोणाच्या सांगण्यावरून पडलं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

आपले आक्षेप तीन. खून आणि विष हा दहा-बारा वर्षांच्या मुलांचा विषय नव्हे. गायकवाड घराण्याचं नाव यात निष्कारण ओढलं गेलं. आणि गोष्टीला शेवट नाही. बडोद्याचे तेव्हाचे राजे मल्हारराव गायकवाड, ज्यांच्यावर या विषाचा आरोप आला, ते निर्दोष होते असं स्पष्ट दाखवलं तर फेरविचार करू, असं आपण कळवलं आहे. पहिल्या दोन्हींवर मी थोडंच बोलेन. हे पत्र तिसऱ्यासाठी आहे.

खुनाचं म्हणाल तर आपणच चौथीतल्या मुलाचं बोट धरून शनिवारवाडा दाखवतो आणि 'काका, मला वाचवा' सांगतो. लाक्षागृह सांगतो, पूतना सांगतो. मुलांना खून माहीत असतो. मुलांच्या गोष्टीतलं प्रेत एका वाक्यात येऊन जातं: विहिरीच्या पाण्यावर पागोटं तरंगत होतं आणि रहाट ओढणाऱ्या बाईने कळशी खाली ठेवली. ते वाक्य वर्गातल्या सर्वांत लहान मुलीचं आहे. मी त्यातला एक शब्दही हलवला नाही. यात रक्त नाही, किळस नाही. एक माणूस गेला आणि त्याची कोणाला पडलेली नाही, हे त्या तीन पोरांना सहन होत नाही, म्हणून ती शोधाला लागतात. याहून वेगळा कोणता संस्कार आपल्याला हवा होता?

घराण्याच्या नावाबद्दल. हा खटला कोणी कानात सांगितलेला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी नेमलेल्या आयोगापुढे १८७५च्या फेब्रुवारीत तो इथेच, बडोद्यात चालला. साक्षी छापून निघाल्या. आणि आपण ज्या सयाजीराव महाराजांचं नाव पत्रात दोनदा घेतलंत, ते याच प्रकरणातून बडोद्याला मिळाले. मल्हाररावांना एप्रिल १८७५मध्ये गादीवरून उतरवलं, मद्रासला नेलं, तिथेच १८८२ साली ते वारले. मग आधीचे राजे खंडेराव महाराज यांच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि नाशिककडच्या कवळाण्याहून गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा आला. २७ मे १८७५ला तो सयाजीराव झाला. त्याचं वय तेव्हा बारा. त्याला तोवर अक्षरओळखही नव्हती. माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "टीचर, म्हणजे सरबत सांडलं तेव्हा तो माझ्याएवढाच होता आणि त्याला काहीच माहीत नव्हतं!" त्या क्षणापासून त्या मुलाला इतिहास परका राहिला नाही. याच राजाने पुढे १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयं उभी केली, त्यात मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला. मुलांनी वाचू नये अशी भिंत त्यांनी कुठे बांधल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ मुद्दा.

शेवट बदला, असं आपण अगदी सहज लिहिलंत. त्या शेवटापर्यंत मुलं कशी पोहोचली ते आपल्याला माहीत नाही, म्हणून सांगते.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. वर्ग सुरू झाला तेव्हा मुलांना एकच नियम घालून दिला: जी माणसं खरी होती त्यांच्या तोंडी आपल्या मनाचं वाक्य घालायचं नाही, आणि जे कोणाला कळलं नव्हतं ते आपल्या गुप्तहेरांनाही कळायचं नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरली. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लक्ष्मीविलास राजवाडा घातला होता, तो १८९०चा. पाठलाग कमाटीबागेत झाला होता, ती १८७९ची. कोर्ट न्यायमंदिरात भरलं होतं, तेही पुढचं. आपण रोज पाहतो ते निम्मं बडोदं पुसून टाकावं लागलं. मांडवी उरली, सूरसागर उरला, रावपुऱ्यातला तांबेकर वाडा उरला. त्या वाड्यात मी मुलांना घेऊन गेले. भिंतीवरची चित्रं पाहताना आमच्यातली एक मुलगी पागोट्यांचे प्रकार वहीत काढत बसली, आणि गोष्टीतलं ते तरंगणारं पागोटं तिथूनच आलं. रेल्वे मात्र तेव्हा होती, याचा मुलांना फार आनंद झाला, कारण मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांची माणसं तपासाला आली ती गाडीने उतरवता आली.

मग विषाकडे वळलो. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी गाळ तपासला, मुंबईला सरकारी रसायनतज्ज्ञ ग्रे यांच्याकडे पाठवला. अहवाल आला: सोमल, म्हणजे पांढरं आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड. सोमल हा शब्द वर्गात एकालाही माहीत नव्हता. मुलं घरी गेली, आणि पुढच्या रविवारी एकाच्या पणजीकडून तो शब्द, त्याचा रंग आणि 'उंदराला घालतात ते' एवढी माहिती घेऊन आली. घरात गुजराती-हिंदी बोलणारी, मराठीत 'मला येत नाही' म्हणून बाजूला बसणारी ही मुलं. सोमल, पुडी, खलबत्ता, हिरकणी, कबुलीजबाब, उलटतपासणी हे सगळे शब्द त्यांनी गोष्टीसाठी मिळवले. पाठांतराने हे माझ्याच्याने कधी साधलं नसतं.

खंडेराव मार्केटमधून आम्ही एक पपनस आणलं. रस काढला, काचेच्या पेल्यात ओतला, त्यात खडूची भुकटी टाकली आणि पाहत बसलो. पपनसाच्या रसात गराचे तंतू असतात, रस गढूळ असतो. भुकटी कुठे गेली ते वरून कळतच नाही. सोमल पाण्याच्या जवळजवळ पावणेचारपट जड, हिरा साडेतीनपट. दोन्ही तळाशी जाऊन बसणार. म्हणजे पेला भरलेला असताना काही दिसू नये आणि ओतून दिल्यावर गाळ दिसावा, हे पटण्यासारखं आहे, असं मुलांनी लिहून ठेवलं. मग एकीने विचारलं, सोमलाला चव कशी असते? जवळजवळ नसतेच, मी म्हटलं. मग साहेबाला तांब्यासारखी चव कशी लागली? फेअरने तसं सांगितलं होतं खरं, आणि तपासात तांबं सापडलं नाही. वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता मी नोकरीच्या तीस वर्षांत फार थोड्या वेळा ऐकली आहे.

हिऱ्याची पूड हे तर मुलांचं आवडतं प्रकरण. हिरकणी खाऊन जीव दिल्याच्या गोष्टी आपण ऐकत आलो, पण हिरा शरीरात विरघळत नाही, तो सोमलासारखं विष नव्हे. मग ती घातली कशाला? लोकांचा तसा समज होता, म्हणून. या समजावरच मुलांनी आपला कल्पनेतला खून उभा केला. मेलेल्याच्या धोतराच्या सोग्याला चमकणारी भुकटी लागलेली असते. मुलगी ती हातातल्या काचेच्या बांगडीवर घासते, ओरखडा उठतो, हिराच! आमच्यातल्या एका मुलाने लगेच हरकत घेतली: वाळूही काचेवर ओरखडा काढते. बरोबर होतं त्याचं. तीन आठवडे गोष्ट अडून बसली. शेवटी वाट सापडली ती खंभातची. खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना भोकं पाडतात ती हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने, हे एकीच्या मामांनी सांगितलं. वाळूला अकीक सहसा दाद देत नाही, हिरा मात्र त्यावर चरा पाडतो. म्हणून गोष्टीतली मुलगी आईच्या गळ्यातला अकीकाचा मणी मागून घेते. आई तो देताना काय म्हणते, ते पान आपण पुन्हा एकदा वाचा, एवढी माझी विनंती आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आणि आता ती पुडी. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने आपण पेल्यात पुडी टाकल्याची कबुली दिली आणि त्याला माफी मिळाली. त्याच्या पट्ट्यात सोमलाची एक पुडी सापडली, ती अकबर अली या मुंबईच्या पोलिसाला, घटनेनंतर दीड महिन्याने. आणि मधल्या काळात तो पट्टा दुसरा शिपाई वापरत होता. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून आलेले बॅरिस्टर बॅलन्टाइन यांनी यावरच बोट ठेवलं. मुलांना ते वाचून दाखवलं तर एकाने वडिलांचा चामडी पट्टा आणला, त्यात पिठाची कागदी पुडी दडवली आणि चार दिवस तो बांधून शाळेत गेला, क्रिकेट खेळला. पाचव्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर पट्टा उघडला. पुडीचा एक कोपरा फाटून पीठ शिवणीत पसरलं होतं, पण पुडी होती. म्हणजे काय सिद्ध झालं? एक गट म्हणाला, चार दिवसांत फाटली तर दीड महिन्यात काय उरेल? दुसरा म्हणाला, फाटली तरी राहिली ना, आणि जमादाराला कोण क्रिकेट खेळायला लावणार? पट्टा हवालदाराचा, जमादाराचा नव्हे, असं तिसऱ्याने त्याला सुधारलं. दोन्ही बाजू मी फळ्यावर लिहिल्या. मी स्वतः काही सांगितलं नाही.

मल्हाररावांविरुद्ध काही नव्हतं असं समजू नका. रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत अशा तिघांचे जबाब एकाच दिशेला बोट दाखवत होते. फेअरशी महाराजांचं हाडवैर होतं. त्याला इथून हलवा, असं व्हाइसरॉयला त्यांनी आठवडाभर आधीच लिहिलं होतं. ज्याला हलवायची मागणी केली, त्याला लगोलग विष घालायची गरज काय, हाही प्रश्न त्यातूनच निघतो. राज्यकारभार वाईट होता, रयत गांजली होती, आणि त्यावर आधीच एक चौकशी झाली होती. मुलांनी हे सगळं लिहिलं आहे. महाराजांना त्यांनी देवही केलं नाही आणि राक्षसही.

आयोगात सहाजण होते. सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, फिलिप मेल्व्हिल. आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. निकाल आला तो तीन विरुद्ध तीन. तिघा इंग्रजांनी गुन्हा शाबीत मानला. जयपूरच्या महाराजांनी निर्दोष म्हटलं. शिंदे आणि दिनकरराव यांनी आरोप सिद्ध होत नाही असं मत दिलं. पुढे मल्हाररावांना काढलं ते गैरकारभाराच्या कारणावरून. विषाचा गुन्हा शाबीत झाला असं सरकारनेही म्हटलं नाही.

समितीच्या सदस्यांनो, 'निर्दोष' आणि 'सिद्ध होत नाही' यांतला फरक माझ्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुलाला कळतो. दिनकररावांनी आणि जयाजीरावांनी 'निर्दोष' का लिहिलं नाही, यावर ही मुलं एक अख्खा रविवार भांडली. शेवटी वर्गात मत घेतलं. चार मुलं म्हणाली महाराज दोषी, तीन म्हणाली निर्दोष, चार म्हणाली सिद्ध होत नाही. त्या मतदानानंतर मुलांनी शेवट लिहिला: तिघं गुप्तहेर सूरसागराच्या काठी बसली आहेत, दवंडी पिटली जाते आहे, गावात नवा छोटा राजा येणार म्हणून लोक पळताहेत, आणि मुलगी म्हणते, 'विहिरीतल्या माणसाचं मला माहीत आहे. पेल्याचं मला माहीत नाही.' तो मणी ती आईला परत देते.

हे वाक्य आपण मला बदलायला सांगता आहात. कोणत्या पुराव्यावर बदलू? सहा थोर माणसांना, साक्षीदार समोर उभे असताना, जे एकमताने सांगता आलं नाही, ते दीडशे वर्षांनी मी मुलांच्या हातून लिहवून घेऊ? आणि का, तर ते आपल्याला ऐकायला बरं वाटतं म्हणून? ज्या दिवशी मी त्यांना म्हणेन की बक्षीस हवं असेल तर निकाल असा लिहा, त्या दिवशी पट्ट्यात पुडी ठेवणाऱ्यात आणि माझ्यात काय फरक राहिला?

मुलांच्या रहस्यकथेत शेवटी सगळं उलगडावं, वाचकाची फसवणूक होऊ नये, हे मला मान्य आहे. म्हणूनच मुलांनी विहिरीतला खून पुरता सोडवला आहे. त्याचे सगळे धागे पानापानांवर आधी ठेवले आहेत, कोणीही मागे जाऊन तपासून पाहावेत. आपल्या एका सदस्यांनी समासात लिहिलेली सूचना, की मशालजीचा मुलगा रात्री एकटा कॅम्पातून, म्हणजे इंग्रजांच्या छावणीतून, गावात येतो हे खटकतं, अगदी योग्य आहे. ते पान मुलं पुन्हा लिहीत आहेत. वैद्यबुवांचा नातू त्याला वाटेत भेटेल. शुद्धलेखनाच्या चुकाही दुरुस्त होतील. एवढे बदल आम्ही आनंदाने करू.

गोष्ट स्पर्धेत घ्यायची की नाही, हा आपला अधिकार आहे. पण ठरवण्याआधी एकदा वर्गावर या. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मुलं आयोगाचं कामकाज वाचून दाखवणार आहेत. आयोगाच्या सहा खुर्च्या आम्ही रिकाम्या ठेवतो आहोत, आणि आपली समितीही सहा जणांची आहे. साक्षी ऐकून झाल्यावर प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळेल, तिच्यावर आपलं मत लिहायचं. मुलं ते मोजतील आणि जसं येईल तसं वहीत नोंदवतील. पपनस आणायला दोन मुलं शनिवारी संध्याकाळीच मार्केटला जाणार आहेत. किती जण येणार ते तोवर कळवलंत तर बरं होईल.

आपली,
रविवारच्या वर्गाची टीचर